नव्या मेंबरचं दूध

त्या वर्षी थंडी लांबली. धुकं नऊ-नऊ वाजेपर्यंत हलायचं नाही आणि दुधाची गाडी वाट चाचपडत दोन-दोन तास उशिरा यायची. गोठ्यागोठ्यात जनावरं खोकत होती. चार घरच्या गाईंना दगडी झाली होती, कास सुजून दूध नासत होतं, आणि त्या चार घरांतला एकही माणूस तोंडानं कबूल करत नव्हता. एकाचं खराब दूध कॅनमध्ये पडलं की सगळ्यांचं जातं. तसंच झालं. शहरातल्या मोठ्या केंद्रानं एकाच आठवड्यात तीन कॅन परत पाठवले आणि सोबत चिठ्ठी दिली, की यापुढे एक जरी कॅन नासका आला तर या गावचं दूध घेणं बंद.

ती चिठ्ठी डिग्रीच्या नावावर आली होती. डिग्री म्हणजे गावच्या दूध केंद्रावर दूध तपासणारा. कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण बारा वर्षं त्या लाकडी टेबलामागे बसून दुधात काचेची नळी सोडायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, 'डिग्री कमी आहे.' हे इतक्या वेळा म्हणून झालं होतं की लोकांनी तेच नाव त्याला देऊन टाकलं. त्याला ते आवडायचं. माणूस वाईट नव्हता. लबाडी करायचा नाही, कोणाचं माप मारायचा नाही, पाव्हण्यारावळ्याचं दूधही नळीशिवाय घ्यायचा नाही. फक्त तो बहुतेक वेळा बरोबर असायचा, आणि माणसाला बरोबर असायची सवय लागली की ती दारूसारखी सुटत नाही.

चिठ्ठीनंतर तो फारच कडक झाला. संशय आला की चमचाभर दूध घ्यायचा आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा. दूध चांगलं असेल तर उकळून वर येतं. खराब असेल तर चमच्यातच गुठळ्या धरतं. त्या सकाळी एकगाईवालीचं दूध त्यानं असंच धरलं. म्हातारीची एकच गाय, त्यावरून ते नाव. चमच्यात बघता बघता पांढरा चोथा झाला.

"घेता येणार नाही, मावशी."

"अरे, आत्ता धार काढून आणलंय. मी स्वतः प्यालेय सकाळी."

"चमचा खोटं बोलतो का?"

मागे रांगेत पंधरा माणसं होती. सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं, मग आपापल्या कॅनकडे. म्हातारीनं झाकण लावलं, अंगावरची शाल कॅनवर ओढली आणि रांगेच्या कडेकडेनं निघून गेली. डिग्रीनं चमचा धुतला आणि पुढच्याला हाक मारली.

घरी पोर खोकत होती.

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर झालेली मुलगी, चार महिन्यांची. घर म्हणजे एक मोठी खोली आणि तिला लागून गोठा, मधे छातीएवढी भिंत. गोठ्यात दोन गाई आणि एक कालवड. डास येऊ नयेत आणि जनावरांना ऊब मिळावी म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात ओल्या पाल्याचा धूर केलेला असे. तो धूर भिंतीवरून इकडे यायचा आणि छपराखाली लोंबत राहायचा. त्याची कोणी दखल घेत नव्हतं. जन्मापासून सगळे त्याच धुरात होते.

आधी पोरीचं नाक वाहत होतं. मग खोकला लागला, कोरडा. दुसऱ्या दिवशी तो खाली उतरला आणि छातीत घरघर ऐकू यायला लागली. बायकोनं तिला अंगावर घेतलं की ती चार घोट ओढायची, श्वास कमी पडला की सोडायची, परत धरायची. आणि मग उबळ यायची. एवढासा जीव, पण खोकताना टाचेपासून आखडायचा. तोंड लाल व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि उबळ संपता संपता प्यालेलं सगळं भडकन बाहेर.

डिग्रीनं त्या दुपारी तिला खांद्यावर घेतलं होतं. उलटी त्याच्या बाहीवर झाली. त्यानं पोर बायकोकडे दिली आणि बाहीवरचं बोटानं उचललं. बोटात चोळलं. नाकाशी नेलं.

"फाटलंय," तो म्हणाला.

"काय फाटलं?" बायकोला वाटलं, शर्ट.

"दूध. हे बघ. चोथा आहे नुसता. वासही आंबट आहे."

बायको पोरीची पाठ चोळत होती. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा हात तसाच पोरीच्या पाठीवर थांबला.

"तिला खोकला झालाय हो. खोकल्यानं काढतेय ती."

"खोकल्यानं निघेल, पण फाटलेलं का निघेल? चांगलं दूध अर्ध्या तासात फाटत नाही. तू काय खाल्लंस?"

"तुम्ही जे खाल्लं तेच."

"अंगात कणकण आहे का? छातीत कुठे गाठ, दुखणं?"

हे सगळे प्रश्न तो रोज गाईवाल्यांना विचारायचा. विचारण्याची पद्धतही तीच होती. बायकोनं खाली बघूनच मान हलवली.

त्याची आई भिंतीशी बसून डाळ निवडत होती. तिनं दोघांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि खडा टाकून परत डाळीत बोटं घातली. पाच पोरं वाढवलेली बाई. पण मुलगा दुधातला जाणकार, सगळा गाव त्याचं ऐकतो, तर आपण मधे का बोलायचं, असा तिचा हिशेब होता.

"एक चमचा काढून दे," डिग्री म्हणाला. आवाज चढवला नाही. उलट जरा जास्तच मऊ झाला होता.

"कशाला?"

"बघू तर दे. पोरीसाठीच बघतोय ना?"

पोरीसाठी म्हटल्यावर ती काय बोलणार. ती गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसली. चमचा भरायला वेळ लागला, कारण मागे दोन माणसं वाट बघत आहेत हे तिला पाठीला कळत होतं. त्यानं खिशातली काडेपेटी काढली, दिवा पेटवला आणि चमचा धरला. तिघंही बघत होती. दूध उकळलं, बारीकसा फेस आला, वर कागदासारखी पातळ साय धरली. गुठळी झाली नाही.

"झालं समाधान?" बायको म्हणाली.

"चमच्यात सगळं कळत नाही," तो म्हणाला. "आणि पातळ किती आहे बघ. निळसर झाक मारतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रांग लागायच्या आत केंद्रावर गेला. खिशात खोकल्याच्या औषधाची रिकामी, धुतलेली बाटली होती, आणि त्यात बायकोचं दूध. तिनं ते कसं दिलं, काय बोलली, हे त्यानं पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. ती काही बोलली नव्हती, हेच खरं. बाटली उंबऱ्यावर ठेवून आत गेली होती.

केंद्रावरचं मशीन नवं होतं. त्यात चमचाभर दूध ओतलं की समोरच्या बोर्डावर लाल आकडे उमटायचे, फॅट किती आणि पाणी किती. बोर्ड रांगेच्या बाजूला तोंड करून लावलेला होता, म्हणजे लोकांना तपासणाऱ्यावर शंका घ्यायला जागा नको. मशीन गाईच्या दुधासाठी लावलेलं होतं. शेळीचं दूध आणलं तर ते काहीच्या बाही दाखवतं, म्हणून शेळीवाल्यांना तो स्वतःच परत पाठवायचा. हे त्याला पाठ होतं. तरीही त्यानं बाटली ओतली.

बोर्डावर आकडे आले. फॅट ठीक होतं. पाणी, बावीस टक्के.

"कोणाचं रे हे?"

एकगाईवाली दारात उभी होती. गाईला औषध घालून, दूध पुन्हा तपासायला घेऊन ती सगळ्यांच्या आधी आली होती, जेणेकरून परत नाकारलं तर बघायला कोणी नको. तिच्या मागे धुक्यातून ट्रॅक्टरवाल्याचा कॅन वाजत येत होता.

"नवा मेंबर आहे," डिग्री म्हणाला.

"औषधाच्या बाटलीतून घालतो दूध?"

त्यानं फडकं उचललं. मशीन पुसायला घेतलं, पण आकडे लगेच जात नाहीत, ते पुढचं दूध ओतेपर्यंत तसेच राहतात. म्हातारीनं बाटलीकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, आणि मग त्याच्या तोंडाकडे. त्याचे कान तापले. गावात कोणाचं बाळ खोकतंय हे तिला ठाऊक होतं. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

पण लाज वाटली म्हणून आकडा काही डोक्यातून गेला नाही. बावीस टक्के त्याच्याबरोबर घरी आले.

"पाणी आहे," त्यानं बायकोला सांगितलं. "बावीस टक्के."

ती आधी हसलीच. "मी पाणी घालते की काय?"

"तू घालतेस असं कोण म्हणतंय? अंगातच तसं उतरत असेल. त्यात दोष नाही तुझा." हे त्यानं समजूत काढल्यासारखं म्हटलं. "पण तिच्या पोटाला झेपत नाहीये. दोन दिवस अंगावरचं बंद कर. आपल्या मोठ्या गाईचं देऊ. रोज तपासतो मी तिचं, त्याच्यात खोट निघणार नाही."

"एवढ्या लहान पोरीला गाईचं?"

"पोर उपाशी मारायचीय का मग?"

आईकडे बघत बायको म्हणाली, "आई, तुम्ही सांगा ना."

आई म्हणाली, "मशीन सांगतंय म्हटल्यावर मी काय सांगू?"

बाटली आणली, उकळली, दूध भरलं. पोर भुकेली होती. बाटलीच्या निपलचं भोक मोठं, दूध जोरात यायचं, तिनं घटाघट अर्धी बाटली ओढली आणि डोळे मिटले. डिग्री बाटली उजेडात धरून बघत राहिला. त्या दिवशी तो केंद्रावर शीळ घालत गेला.

तासाभरात पोरीला उबळ आली आणि सगळं निघालं, आधीपेक्षा जास्त. नाकातूनही आलं. ती घाबरून रडायला गेली, पण रडायला श्वास पुरेना. संध्याकाळी डिग्री आला तेव्हा त्यानं दुपटं बघितलं आणि म्हणाला, "जुनं निघतंय. पोट साफ होऊ दे."

दुसऱ्या दिवशी पोर बाटली धरेना. निपल तोंडात घेतलं की मान फिरवायची. बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. सकाळपासून एकच लंगोट ओला झाला होता. बायकोची छाती दगडासारखी झाली होती, हात वर उचलवत नव्हता. पोर रडली की अंगावरचे कपडे भिजायचे. ती गोठ्यामागे जायची, भिंतीला कपाळ टेकायची आणि दूध पिळून मोरीत सोडायची. आत पोर उपाशी आणि बाहेर मोरीला दूध. तिला ते बघवायचं नाही, म्हणून ती डोळे मिटून पिळायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर पाणी भरायला गेली. तिथं ट्रॅक्टरवाल्याची बायको होती, आणखी दोघी होत्या. ती आल्यावर बोलणं थांबलं. मग ट्रॅक्टरवाल्याची बायको अगदी काळजीनं म्हणाली, "बावीस टक्के म्हणे गं? काही खात-पीत जा."

दुसरी तोंडावर हात ठेवून वळली. बायकोनं भरायला लावलेला हंडा अर्धाच उचलला. घरापर्यंत येताना ती मान वर न करता आली. घरी हंडा ठेवला, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि सासूला म्हणाली, "मी दवाखान्यात जातेय."

"तो येऊ दे ना."

"नको."

दवाखाना पाऊण तासाच्या वाटेवर होता. ती धुक्यातच निघाली. वाटेत एकदा पोरीला उबळ आली, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसली, तिला पालथं धरून पाठ थोपटली आणि पुन्हा चालू लागली.

सासू आयुष्यात कधी दूध केंद्रावर गेली नव्हती. त्या दिवशी गेली. रांगेच्या शेवटी उभी राहिली, जसं काही दूध घालायला आलीय. डिग्रीला ती दिसली तेव्हा त्याच्या हातातला चमचा दिव्यावरच राहिला.

"ती पोरीला घेऊन गेली," आई म्हणाली. "श्वास लागलाय पोरीला."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं होती आणि बाकांवर माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर खोकणारं काहीतरी होतं. बायको आतल्या पलंगावर बसली होती, पोरीच्या नाकाशी बारीक नळी लावलेली. डॉक्टर बघून गेला होता. सिस्टर हातातल्या घड्याळाकडे बघत पोरीचे श्वास मोजत होती. मोजणं होईपर्यंत तिनं डिग्रीकडे बघितलंसुद्धा नाही. दार उघडं होतं.

"वडील का?"

"हो."

"वरचं दूध कोणी सुरू केलं?"

"मी."

"अंगावरचं का थांबवलं?"

डिग्रीनं बायकोकडे पाहिलं. ती पोरीकडे बघत होती.

"फाटत होतं," तो म्हणाला. "उलटीत गुठळ्या यायच्या. आंबट वास."

सिस्टर वयस्कर होती, आणि सकाळपासून उभी होती. "तुम्ही काम काय करता?"

"दुधाचं. म्हणजे, तपासतो. केंद्रावर."

"बरं. मग पोटात गेल्यावर दुधाचं काय होतं?"

डिग्रीनं पलंगावरच्या पोरीकडे पाहिलं.

"फाटतं," सिस्टर म्हणाली. "सगळ्यांचंच फाटतं. तुमचं, माझं, या बाहेर बसलेल्यांचं. पोटात फाटल्याशिवाय पचणार कसं ते? पोर दूध नीट जिरवत होती, आणि तुम्ही ते नासकं ठरवलंत. तिच्या श्वासाच्या नळ्यांना सूज आलीय, कफ भरलाय. मोठं माणूस खाकरून टाकतं. हिला येतं का टाकता? हिला उबळ येते, पोट आवळतं, आणि पोटात असेल ते वर येतं. खोकल्याची उलटी आहे ती. दुधाची नाही. अशा वेळी थोडं थोडं पाजायचं, पुन्हा पुन्हा पाजायचं. आणि तुम्ही बंदच करून बसलात."

बाहेर कोणीतरी हसू दाबलं. डिग्रीला ते नीट ऐकू आलं. त्यानं बारा वर्षं टेबलामागून ऐकलेलं हसू तेच होतं, रांगेतल्या दुसऱ्या कोणासाठी असलेलं. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं, पण धरणी काही केंद्रावरच्या माणसाचं ऐकत नाही.

"घरात धूर असतो?" सिस्टरनं विचारलं.

"गोठ्यात करतो."

"तो आधी बंद करा." मग ती बायकोकडे वळली. "आणि बाई, तुम्ही ऐकलंत कसं? पोर तुमची, दूध तुमचं."

बायको म्हणाली, "मशीननं सांगितलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. सिस्टरनं विचारलं आणि तिनं खरं काय ते सांगितलं, एवढंच. तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर डिग्रीला बरं वाटलं असतं.

पोरीला ठेवून घेतलं. संध्याकाळचं दूध कोणीतरी घ्यायलाच हवं होतं, म्हणून डिग्री परत केंद्रावर आला. जायची इच्छा नव्हती, पण ते टेबल सोडून त्याला दुसरं काही येतही नव्हतं. रांग नेहमीसारखी होती. ट्रॅक्टरवाल्यानं कॅन टेबलावर ठेवला आणि मागे बघत म्हणाला, "काय डिग्री, तो नवा मेंबर आला नाही आज?"

चार-पाच जण हसले. डिग्रीनं काचेची नळी दुधात सोडली. नळी हलत होती, आकडा लागत नव्हता, आणि ती स्थिर होईपर्यंत त्याला थांबवेना. त्यानं अंदाजानं आकडा लिहिला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी एकगाईवाली आली. तोवर बाकीचे पांगले होते.

"पोरगी कशी आहे?"

"ठेवून घेतलीय."

"मी कोणाला बोलले नाही रे. ट्रॅक्टरवाला माझ्या मागे उभा होता."

त्यानं नुसती मान हलवली. तिचं दूध चमच्यात घेतलं, दिव्यावर धरलं. चांगलं उकळलं. त्याला ते पुरेना. काहीतरी बोलून मोकळं व्हावं असं झालं.

"मावशी, परवा सगळ्यांसमोर मी तुम्हाला..."

"परवाचं दूध खराबच होतं," म्हातारी म्हणाली. "तू बरोबर होतास. तू बरोबर असतोस म्हणूनच तर सगळे तुझं ऐकतात रे. ती बिचारीही तुझंच ऐकत बसली."

घरी त्यानं आधी गोठ्यातला धूर विझवला. पाणी ओतून, पायानं राख पसरून, पुन्हा पाणी ओतून. आई दुपटी घडी करत होती.

"तूही असंच काढायचास," ती म्हणाली. "थंडीत. चोथाच्या चोथा. माझा खांदा कायम आंबट असायचा."

तो वळला. "मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या कामातलं मला काय कळतं, असं वाटलं." ती दुपट्याकडेच बघत राहिली. "कळत होतं. बोलले नाही."

लाज दोघांच्यात वाटली गेली म्हणून कमी झाली, असंही काही झालं नाही.

सकाळी तो दुपटी घेऊन दवाखान्यात पोचला. पोरीचा श्वास थोडा शांत झाला होता, पण दम लागल्यामुळे तिला ओढून पिता येत नव्हतं. धरायची आणि सोडायची. सिस्टर एक वाटी आणि चमचा ठेवून गेली. "काढून चमच्यानं पाजा. दोन चमचे, मग थांबा, मग परत दोन. उलटी झाली तरी घाबरायचं नाही. थोडं थांबून पुन्हा द्यायचं."

डिग्री पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. वाटभर त्यानं वाक्य जुळवत आणलं होतं, ते तो बोलला.

"मी रांगेत सगळ्यांसमोर सांगतो. आज संध्याकाळीच. माझं चुकलं म्हणून सांगतो. तुझ्या दुधात काही खोट नव्हती म्हणून."

बायकोनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"माझं दूध पुन्हा रांगेत नेऊ नका," ती म्हणाली.

त्याला वाटलं होतं, असं बोललं की सुटका होईल. माफी मागायलाही तो तिचंच दूध टेबलावर मांडणार होता, आणि स्वतः पुन्हा त्याच खुर्चीत बसून बोलणार होता. त्याची मान खाली गेली ती वर येईना.

तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि वाटी मांडीवर धरली. दूध येत नव्हतं. काल परवा मोरीत वाहत होतं ते आज थेंबानं येईना. एका हातानं पोर सांभाळायची, एका हातानं पिळायचं, वाटी घसरत होती. तिनं ओठ दाताखाली धरला होता. पोर बारीक आवाजात कण्हत होती.

गाय घाबरलेली असली की पान्हा चोरते. मग धार काढताना परक्या माणसाला गोठ्यात उभं करायचं नाही. हे डिग्रीनं शंभर जणांना सांगितलं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. खोलीत परकं असं दुसरं कोणी नव्हतं.

"मी बाहेर थांबतो," तो म्हणाला, आणि दाराकडे वळला.

"वाटी कोण धरणार मग?"

तो परत आला. पलंगाजवळ गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी वाटी धरली, जिथं तिनं दाखवली तिथं. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून तो वाटीच्या तळाकडे बघत राहिला. बराच वेळ वाटी कोरडीच होती. त्याच्या पायाला मुंग्या आल्या. मग एक थेंब पडला, त्याच्या मागून दुसरा. रोज चाळीस कॅन दूध ज्याच्या हाताखालून जायचं, तो माणूस अर्धा तास हलला नाही आणि वाटीत तीन चमचे दूध जमलं.

बायकोनं पोरीला जरा उभं धरलं आणि ओठाशी चमचा टेकवला. पोरीनं जीभ काढली. गिळलं. दुसरा चमचा गिळला. तिसऱ्यालाही तोंड उघडलं. डिग्रीनं श्वास रोखला होता, तो सोडला.

तेवढ्यात उबळ आली. पोर आखडली, लाल झाली, आणि तिन्ही चमचे त्याच्या हातावर, शर्टावर, रिकाम्या वाटीत येऊन पडले.

"गेलं," तो म्हणाला. "सगळं गेलं." त्याला रडू फुटलं. ते लपवायला हात मोकळे नव्हते, म्हणून तो तसाच वाटी धरून रडत राहिला, आणि व्हरांड्यातून माणसं बघत होती.

बायकोनं पोरीचं तोंड पुसलं. तिला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, श्वास पुन्हा शांत होईपर्यंत थोपटत राहिली. मग त्याच्या हातातून वाटी घेतली, नळाखाली धुतली, दुपट्यानं पुसली आणि भिंतीकडे वळून बसली.

"धरा," ती म्हणाली.